गावच्या घराच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजून जाम झाल्यात, वाचतील का? आणि परत गंजू नयेत म्हणून काय करायचं?

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी. आमचं घर देवगड तालुक्यात आहे, समुद्र अगदी जवळ, वारा असला की काचेवर हात फिरवला तर बोटाला खारट लागतं इतकं जवळ. चिऱ्याचं घर, खिडक्या सागाच्या दोन झडपांच्या, बिजागऱ्या लोखंडी चार इंची, घर बांधलं तेव्हाच्याच. पूर्वेकडच्या खिडक्या अजून ठीक आहेत पण पश्चिमेकडच्या सगळ्या बिजागऱ्यांची वाट लागलीय, पापुद्रे सुटतात, स्क्रूचं डोकं कुठे आणि पट्टी कुठे ते ओळखू येत नाही. एका खिडकीची झडप वरच्या बाजूने सुटून लोंबतेय, आईने ती सुतळीने गजाला बांधून ठेवलीय. आई गावाला एकटी असते, तिला खिडकी उघडताना जोर लावावा लागतो आणि मला भीती वाटते की एक दिवस झडप अंगावर यायची.

मधल्या खोलीत दोन वर्षांपूर्वी स्टीलच्या म्हणून नवीन बसवल्या होत्या त्यांच्यावरही तपकिरी ठिपके आलेत, आणि त्यांचे स्क्रू तर बिजागरीच्याही आधी गेले. आई दर महिन्याला खोबरेल तेल सोडते तरी हे असं. गावातले सुतार म्हणतात सगळं काढा आणि अल्युमिनियमच्या स्लायडिंग लावा. पण लाकूड अजून ठणठणीत आहे हो, एवढ्या चांगल्या सागाच्या झडपा फेकायला जीव होत नाही. मे महिन्यात आठवडाभर गावी असणार आहे, पावसाच्या आधी हे उरकायचंय. ड्रिल मशीन आहे, हाताने काम करायची सवय आहे. नक्की काय करू ते सांगा.

मंदार_ठाणे:

डब्ल्यूडी-४० मारा, रात्रभर ठेवा, सकाळी सुटतात. आमच्याकडे गेटच्या बिजागऱ्या अशाच सोडवल्या.

पटाशी:

मंदारभाऊ, सोडवण्यापुरता तो स्प्रे चांगलाच आहे, पण तो पाणी हटवायला बनवलेला आहे, त्याचा थर पातळ असतो आणि थोड्या दिवसांत उडून जातो, समुद्रकाठी त्याच्या भरवशावर पावसाळा निघत नाही.

खाडीकाठ, माझं घराणं सुतारकामातलं, रत्नागिरी बाजूला हीच कामं केलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, सगळ्या बिजागऱ्यांना एकच न्याय लावू नका. पापुद्रे सुटलेत ती बिजागरी संपली, ती घासून रंगवून वाचत नाही कारण पट्टीची जाडीच उरलेली नसते. टोकदार पेचकसाने पट्टी खरवडून बघा, खाली घट्ट काळसर धातू लागला आणि पट्टी वाकत नसेल तर ती वाचेल, पेचकस आत घुसतोय किंवा गाठीजवळ, म्हणजे पिनेभोवती जी नळी असते तिथे चीर दिसतेय तर बदला. आई एकटी असते म्हणताय तर शंका असेल तिथे बदलाच, झडपेचं वजन कमी नसतं.

जाम कशाने आहे तेही आधी बघून घ्या. कागदाचा तुकडा बंद झडप आणि चौकटीच्या फटीतून वरून खाली सरकवा, जिथे अडकतो तिथे लाकूड घासतंय, तो दोष बिजागरीचा नसून झडप फुगल्याचा किंवा वरची बिजागरी ढिली होऊन झडप खाली बसल्याचा असतो. पुष्कळ लोक अशा वेळी रंधा मारून मोकळे होतात आणि बिजागरी बदलली की मग तिथेच अर्ध्या बोटाची फट पडते. म्हणून बिजागरी आधी, रंधा नंतर, आणि तोही उन्हाळ्यात अगदी बेताने.

आता काढायचं कसं. सगळ्या एकदम काढू नका. झडप अर्धी उघडून खाली लाकडी पाचर ठोका म्हणजे वजन पाचरीवर येईल, मग एक बिजागरी काढा, नवीन बसवा, मगच दुसरी. जी लोंबतेय तिला मात्र कुणाला तरी धरायला लावा. स्क्रूच्या खाचेतला गंज आणि रंग हॅक्सॉ ब्लेडच्या टोकाने आधी पूर्ण साफ करा, स्क्रू फुकट जातात ते खाच न उकरता जोर लावल्यामुळे. खाचेत नीट बसणारा, लाकडी मुठीचा जुन्या पद्धतीचा पेचकस घ्या, त्याच्या मुठीवर हातोडीचे दोन-तीन खणखणीत ठोके द्या, मग आधी किंचित आवळा आणि मग सोडवा. आवळल्याने गंजाची पकड तुटते. तरी हलत नसेल तर गरम सोल्डरिंग गन स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवा, थंड होऊ द्या, परत प्रयत्न करा. पण डिझेल, रॉकेल किंवा स्प्रे मारलेला असेल तर उष्णता अजिबात नको, पेट घेईल. दोन्हीपैकी एकच काहीतरी.

डोकंच उडालं तर घाबरू नका. उरलेला स्क्रू आत राहू दे, नवीन बिजागरी दीड-दोन इंच वर किंवा खाली सरकवा, पटाशीने नवीन खाच पाडा, जुन्या खाचेत सागाचा तुकडा चिकटवून सपाट करा. मोडका स्क्रू उकरण्याच्या नादात चौकटीचं लाकूड फाडण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

आणि जिथे भोक मोठं होऊन स्क्रू नुसता फिरतोय तिथे काड्यापेटीच्या काड्या कोंबू नका, त्या मऊ लाकडाच्या असतात. भोक ड्रिलने साफ गोल करा, सागाची किंवा बांबूची खुंटी तासून फेविकॉल लावून ठोका (पाण्याला टिकणारा प्रकार घ्या, साधा नको), एक दिवस सुकू द्या, सपाट कापा आणि त्यात नव्याने बारीक भोक पाडून स्क्रू घ्या.

बाकी कुठली बिजागरी घ्यायची ते नंतर लिहितो, कामावर निघायचंय.

क्षारयुक्त:

पटाशी यांनी हातकाम छान सांगितलंय, मी रसायनाच्या बाजूने थोडं लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातच खरं उत्तर आहे, बोटाला खारट लागतं ते. लोखंड नुसत्या पाण्याने जितकं गंजतं त्यापेक्षा मिठाच्या पाण्याने कितीतरी लवकर गंजतं. शिवाय मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. साधं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःच पाणी होऊन जातं आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे ज्या बिजागरीवर मीठ बसलंय ती पाऊस नसतानाही, डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीसुद्धा ओलीच असते. आपल्याला कोरडी दिसते एवढंच.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. छज्जाखालची बिजागरी पावसात भिजत नाही म्हणून ती जास्त टिकेल असं वाटतं, पण समुद्रकाठी नेमकं उलटं होतं, जिथे पाऊस पोचतो तिथलं मीठ धुवून जातं आणि जिथे पोचत नाही तिथे ते वर्षानुवर्षं साठतं. त्यामुळे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय म्हणजे गोडं पाणी. विहिरीचं पाणी मचूळ नसेल तर तेच. पाऊस संपल्यावर एकदा, आणि मग उन्हाळा संपेपर्यंत दर महिन्याला ओल्या फडक्याने बिजागऱ्या, कड्या, कोयंडे पुसून काढायचे, मग कोरडं फडकं, आणि मगच तेल. आईंचा नेम अगदी चांगला आहे, फक्त आधी धुतलं नाही तर तेलाखाली मीठ तसंच राहतं आणि वर खोबरेल कालांतराने चिकट होऊन लाल माती धरून ठेवतं. शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या, पिनेच्या प्रत्येक सांध्यावर एक थेंब, झडप चार-पाचदा उघडझाप करून बाहेर आलेलं पुसून टाका.

ज्या बिजागऱ्या वाचवणार आहात त्यांच्यासाठी: तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, मग लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून किंवा सरळ पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, प्लास्टिकच्या डब्यात. सकाळी ब्रश मारा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, मग गरम गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. हे धुणं फार महत्त्वाचं, गंजाच्या बारीक खड्ड्यांत मीठ अडकलेलं असतं, ते तसंच ठेवून रंग मारला की वर्षभरात रंगाखाली फोड येतात आणि मग लोक रंगाच्या कंपनीला नावं ठेवतात. धुतल्यावर लगेच उन्हात किंवा तव्यावर कोमट करून सुकवा आणि त्याच दिवशी प्राइमर मारा, एक रात्र जरी उघडी राहिली तरी त्यावर परत पिवळट गंज धरतो.

संडास धुवायचं ॲसिड मात्र कृपा करून वापरू नका. गंज निघतो झटक्यात, पण ते हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे आपण ज्या क्लोराइडपासून सुटका करून घेतोय तेच परत धातूत भरतो. स्टेनलेसवर तर बिलकुल नको, त्याला बारीक खड्डे पडतात. त्या बाटलीची वाफसुद्धा वाईट, बंद घरात बाटली सैल झाकणाने ठेवली तर आसपासचं सगळं लोखंड लाल होतं.

खाडीकाठ:

दोघांचे मनापासून आभार, इतकं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. छज्जाखालचं वाचून उलगडा झाला, आमच्या लोंबणाऱ्या खिडकीवरच सगळ्यात मोठा छज्जा आहे. दोन प्रश्न राहिले. चौकटीच्या लाकडावर बिजागरीभोवती काळे-निळे डाग पडलेत, ती कूज आहे का? आणि नवीन घ्यायच्या त्या पितळी घेऊ की स्टेनलेस, दुकानदार दोन्ही "जंग लागणार नाही" म्हणून देतो.

पटाशी:

डाग आधी. सागातला कस आणि लोखंड एकत्र आले की लाकूड काळं पडतं, ती कूज नव्हे. पटाशीचं टोक दाबून बघा, लाकूड टणक लागलं तर नुसता डाग आहे, मऊ होऊन भुसा निघाला तर कूज, तेवढा भाग कापून नवीन तुकडा बसवावा लागेल. डाग काढायचाच असेल तर रंगाच्या दुकानात ऑक्झॅलिक पावडर मिळते, फरशी पॉलिशवाले वापरतात ती, गरम पाण्यात कालवून ब्रशने लावली की डाग फिका होतो, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. विषारी आहे, हातमोजे घाला आणि आईंच्या स्वयंपाकघरातली भांडी त्यासाठी घेऊ नका. चौकटीला जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका, २०१७ च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं, पाणी लावून वॉटर पेपरने घासा आणि तोंडाला मास्क बांधा.

आता नवीन बिजागरी. माझं मत स्पष्ट आहे, लाकडी खिडकीला समुद्रकाठी भरीव पितळी, आणि स्क्रूही पितळीच. तुमच्या मधल्या खोलीत स्क्रू आधी गेले म्हणताय ना, ते असं झालं असणार की स्टेनलेसच्या बिजागरीला साधे लोखंडी झिंकचे स्क्रू मारले. दोन वेगळे धातू खारट ओलाव्यात एकमेकांना चिकटले की त्यातला जो सहज गंजणारा तो खपतो, आणि तोच लहान असेल तर फारच लवकर खपतो. एवढासा स्क्रू आणि एवढी मोठी पट्टी, स्क्रूचं काय उरणार. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू मारले तरी तेच. दुकानात बिजागरीसोबत येणारी पुडी डोळे मिटून घेऊ नका, स्क्रू त्याच धातूचा वेगळा मागून घ्या.

खिशात लोहचुंबक घेऊन दुकानात जा. पितळ म्हणून दिलेली बिजागरी चुंबकाला चिकटली तर ती आतून लोखंड आहे, वरून नुसता पितळी मुलामा. काही बिजागऱ्यांच्या पट्ट्या खऱ्या पितळी असतात पण मधली पिन लोखंडी, म्हणून चुंबक गाठीवरही फिरवा. हातात घेतली की वजनानेही कळतं. पितळेवर हिरवट कळंक येईल, येऊ दे, त्याने ताकद जात नाही, आईंना चकचकीत हवी असेल तर चिंच आहेच, पण नंतर धुवून पुसायचं.

पितळी स्क्रू मऊ असतो, सरळ लाकडात पिळला तर मान मोडते. आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा घालून काढायचा म्हणजे आटे पडतात, मग पितळी स्क्रू हाताने आवळायचा, ड्रिल मशीनने नाही. स्क्रूला मेणबत्ती घासा. पुष्कळ सुतार साबण लावतात पण साबण ओल धरतो, मेण ओल अडवतं.

क्षारयुक्त:

स्टेनलेसबद्दल पुस्ती जोडतो, कारण पितळी सगळीकडे मिळत नाही आणि महागही पडते. स्टेनलेसमध्ये फार फरक असतो. बाजारात स्वस्तात मिळतो तो बहुतेक वेळा २०२ नंबरचा प्रकार, त्यात निकेल कमी, समुद्रकाठी त्यावर ठिपके येणारच. ३०४ त्यापेक्षा बरा. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, खारट हवेत तोच खरा टिकतो, तोही अधूनमधून धुतला तरच डागाशिवाय राहतो. इथे चुंबकाचा उपयोग अर्धवट आहे हे लक्षात ठेवा. चिकटला तर स्वस्त प्रकार असण्याची शक्यता जास्त, पण नाही चिकटला म्हणून ३०४ ठरत नाही, २०२ लाही चुंबक चिकटत नाही. त्यामुळे पट्टीवर आकडा ठोकलेला असेल आणि बिलावर लिहून मिळत असेल तरच त्या भावाने घ्या.

उंबरठा:

थोडं वेगळं विचारते, चालेल ना? आम्ही मुंबईत समुद्राजवळ सतराव्या मजल्यावर राहतो, खिडक्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, बाहेर उघडणाऱ्या. त्यांना बिजागरी नसते, वर आणि खाली कात्रीसारख्या पट्ट्या असतात, त्या गंजल्यात आणि एक खिडकी बंद करताना कोपरा आत येतच नाही. त्याला पण हेच तेल-पाणी करायचं का?

पटाशी:

ताई, ती खिडकी आज बंद करून कुलूप लावा आणि उघडूच नका, हे मी काळजीने सांगतोय. त्याला फ्रिक्शन स्टे म्हणतात, झडपेचं सगळं वजन त्या दोन पट्ट्यांवर आणि त्यांच्या रिबिटांवर असतं. कोपरा आत येत नाही याचा अर्थ पट्टी वाकलीय किंवा रिबिट झिजलंय. सतराव्या मजल्यावरून झडप सुटली तर खाली माणसं आहेत. हे घरी करायचं काम नाही, आतून दोरी बांधून दोन माणसांनी करायचं असतं, खिडकीवाल्याला बोलवा. बदलताना वरची-खालची जोडी एकाच वेळी बदला, पट्टीची लांबी आणि जाडी जुनीइतकीच ठेवा, ३०४ च्या खालचं घेऊ नका, समुद्र समोर असेल तर ३१६ मागा. ज्या पट्ट्या चांगल्या आहेत त्यांची खाचेतली धूळ जुन्या टूथब्रशने काढा, ओल्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉन स्प्रे अगदी थोडा, सरकणाऱ्या पॅडवर न जाऊ देता, नाहीतर खिडकी वाऱ्यात स्थिर राहणार नाही.

उंबरठा:

लगेच बंद केली. उद्याच माणूस बोलावते. धन्यवाद दादा.

माडाची_सावली:

मी गोव्याहून. आमचं जुनं घर आहे, काही खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं आहेत, त्यामुळे खिडक्या जपणं हा आमच्या घरात जिव्हाळ्याचा विषय. खाडीकाठ, अल्युमिनियम स्लायडिंगच्या नादाला लागू नका असं मलाही वाटतं. स्लायडिंगमध्ये कुठल्याही वेळी अर्धीच खिडकी उघडते, कोकणातल्या मे महिन्यात आईंना पूर्ण वारा लागतो. शिवाय अल्युमिनियमला गंज नाही पण खाऱ्या वाऱ्याने पांढरी भुकटी धरते, आतल्या रोलरचे स्क्रू तर लोखंडीच असतात बहुतेक. सागाची झडप नीट ठेवली तर आपल्या नातवंडांना पुरते.

एक आमच्याकडे उपयोगी पडलेली गोष्ट, घर बंद असताना खिडक्या महिनोन्‌महिने हलत नाहीत आणि तेव्हाच बिजागऱ्या जास्त धरतात. शेजारच्या कुणाला तरी सांगून आठवड्यातून एकदा सगळ्या खिडक्या उघडझाप करायला लावा, खोल्यांनाही हवा लागते.

खाडीकाठ:

सगळ्यांचं वाचून ठरवलं, झडपा ठेवायच्या. पश्चिमेकडच्या सगळ्या पितळी, पूर्वेकडच्या काढून व्हिनेगर, धुणं आणि प्राइमर, मधल्या खोलीतल्यांचे फक्त स्क्रू स्टेनलेसचे. शेवटचं एकच, लोखंडी बिजागऱ्यांना रंग कुठला आणि पिनेच्या गाठीवर मारायचा का?

पटाशी:

बरोबर ठरवलंत. रेड ऑक्साइडपेक्षा झिंक फॉस्फेट प्राइमर मिळाला तर तो घ्या, पातळ दोन हात, दोन्हींच्या मध्ये पूर्ण सुकू द्या, मग इनॅमलचे दोन हात. पट्टीच्या मागच्या बाजूलाही मारा, जी लाकडात बसते ती, गंज तिथूनच सुरू होतो कारण ओल तिथे अडकते. गाठीवर रंग नको, दोन भाग एकमेकांना चिकटतात आणि पहिल्यांदा उघडताना रंग तडकून तिथूनच पाणी शिरतं, तिथे रंगाऐवजी तेल. बसवताना पट्टीच्या मागे थोडं ग्रीस किंवा मेण चोपडा. स्क्रूची डोकी मात्र बसवून झाल्यावर ब्रशच्या टोकाने रंगवून घ्या.

मधल्या खोलीतल्या बिजागऱ्यांवरचे ठिपके बारीक नायलॉनच्या घासणीने आणि लिंबूसत्त्वाने निघतील, तारेची घासणी लावू नका, तिचे लोखंडी कण तिथे रुततात आणि तेच परत गंजतात. जुनी एक बिजागरी दुकानात सोबत न्या, लांबी, पट्टीची रुंदी आणि जाडी तिन्ही जुळवून घ्या, नाहीतर खाचा परत पाडाव्या लागतील. पितळी घेताना दोन-चार स्क्रू जास्तीचे घ्या. आणि लोंबणाऱ्या खिडकीपासूनच कामाला सुरुवात करा.